पांढऱ्या मुखाचा आरोप

कुत्र्याच्या हनुवटीवर आणि ओठांभोवती वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच पांढरे केस दिसू लागले, म्हणजे ते जनावर मनातून खचलेले आहे, घरात त्याचा छळ किंवा निदान हेळसांड तरी होत असली पाहिजे, आणि त्याच्या धन्याला याबद्दल जाब विचारला पाहिजे, असे एक मत गेल्या काही वर्षांत श्वानप्रेमी मंडळींत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाऊ लागले आहे. हे मत मांडणारी माणसे दुष्ट नाहीत. मुक्या प्राण्याविषयीच्या खऱ्या कळवळ्यातूनच ते जन्मास आले आहे, आणि त्याच्या पाठीशी एका शास्त्रीय निबंधाचा हवाला असल्यामुळे ऐकीव समजुतीपेक्षा त्याला अधिक वजन प्राप्त झाले आहे. तथापि त्या निबंधाने म्हटले आहे ते एक, आणि त्याच्या नावावर जे सांगितले जाते ते दुसरेच, असा प्रकार येथे झालेला आहे. कुत्र्याच्या मुखावरचा पांढरा रंग हा त्याच्या सुखदुःखाचा दाखला मानता येत नाही, त्याच्या वयाचाही तो भरवशाचा दाखला नाही, आणि त्या रंगावरून कोणा एका कुत्र्याविषयी अथवा त्याच्या धन्याविषयी निर्णय देणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

निबंध 2016 सालचा. कॅमिल किंग, थॉमस स्मिथ, टेम्पल ग्रँडिन आणि पीटर बोर्चेल्ट या चौघांनी तो ‘अप्लाइड ॲनिमल बिहेवियर सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात 1 ते 4 वर्षे वयाची 400 कुत्री त्यांनी पाहिली, त्यांची छायाचित्रे घेतली, मुखावर पांढरेपणा मुळीच नाही येथपासून संपूर्ण मुख पांढरे येथपर्यंत शून्य ते तीन अशी श्रेणी ठरवून त्या छायाचित्रांना गुण देवविले, आणि कुत्र्याचा भित्रेपणा व उतावळेपणा यांचा अंदाज करता यावा अशी एक प्रश्नावली धन्यांकडून भरून घेतली. उत्तरे देताना धन्यांच्या मनात पूर्वग्रह राहू नये म्हणून चौकशीचा खरा हेतू त्यांना सांगितलेला नव्हता, ही दक्षता स्तुत्य होती. ज्या कुत्र्यांना मोठ्या आवाजाचे, अनोळखी माणसांचे व अनोळखी जनावरांचे भय वाटते आणि जी स्वभावाने उतावळी आहेत, त्यांच्या मुखावर पांढरेपणाची श्रेणी सरासरीने अधिक आढळली. वयाबरोबर ती वाढत गेलेली दिसली. आणि नरापेक्षा मादीत ती जास्त होती. अंगाचा आकार, खच्चीकरण अथवा आजारपण यांच्याशी मात्र तिचा संबंध जुळला नाही. इतके त्या निबंधाचे म्हणणे आहे आणि ते मला मान्य आहे.

आता त्या निबंधात जे नाही ते पाहा. छळाची चौकशी त्यात नाही. उपासमार, मारहाण, साखळीला बांधून ठेवणे यांची नोंद घेऊन तिचा रंगाशी मेळ घातलेला नाही. रक्ताची अथवा लाळेची तपासणी करून भीतीचे रासायनिक माप घेतलेले नाही. कुत्रे भित्रे आहे हे धन्याच्या जबानीवरून ठरले आहे. शिवाय दोन गोष्टी एका समूहात जोडीने आढळणे आणि एकीने दुसरीला जन्म देणे यांतले अंतर फार मोठे आहे. भित्रेपणा आणि अकाली पांढरेपणा ही दोन्ही एकाच वंशपरंपरेतून उतरलेली असू शकतात, आणि तसे असेल तर पहिला दुसऱ्याचे कारण ठरत नाही. आणि क्षणभर धरून चालू, की भयानेच केस पांढरे होतात. तरी त्या 400 कुत्र्यांची सरासरी घेऊन माझ्या दारातल्या एका कुत्र्याच्या मनाचा निकाल लावता येत नाही, कारण त्या समूहातही भित्री असून काळ्या तोंडाची आणि निर्भय असून पांढऱ्या तोंडाची कुत्री होतीच.

परंतु सर्वांत मोठी उडी याच्याही पुढे मारली जाते. कुत्रे भित्रे आहे, तेव्हा धनी क्रूर आहे, असे गृहीत धरले जाते. अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षे पिलांचा अभ्यास करून 1965 साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्याने हे दाखवून दिले की जन्मानंतरच्या सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिलाच्या स्वभावाच्या घडणीचा काळ होय. त्या अवधीत ज्याने माणूस पाहिला नाही, माणसाचा हात ज्याच्या अंगावरून फिरला नाही, ते पिलू पुढे कितीही मायेने वाढवले तरी परक्या माणसाला बिचकण्याचा संभव मोठा. तसेच भित्रेपणा काही अंशी वंशागत असतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले. आपल्याकडे नाक्यावरून, बांधकामाच्या जागेवरून अथवा एखाद्या आश्रयगृहातून चार-सहा महिन्यांचे कुत्रे घरी आणणारी जी सहृदय माणसे आहेत, त्यांच्या पदरी बहुधा असेच, घडणीचा काळ उलटून गेलेले जनावर येते. ज्याने त्याला रस्त्यावरून उचलले, अंथरूण दिले, लस टोचवली, त्याच माणसाला त्या कुत्र्याच्या पांढऱ्या हनुवटीकडे बोट दाखवून ‘तुम्ही याला काय केलेत?’ असा प्रश्न विचारणे हे मला अतिशय क्लेशदायक वाटते.

1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचे 11 वे कलम कोणीही वाचून पाहावे. मारणे, लाथाडणे, अवास्तव आखूड अथवा जड साखळीला अवास्तव काळ बांधून ठेवणे, पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, अशी ठोस कृत्ये आणि कसूर त्यात सांगितलेली आहे. फिर्याद करावयाची असेल त्याने ही कृत्ये शोधावीत. केसांचा रंग हा त्या कायद्याखाली मुद्देमाल होत नाही.

रंग जातो कसा, याची माहिती करून घेतल्यावाचून या वादाचा निकाल लागणार नाही, म्हणून थोडा विस्तार करतो. केस हा त्वचेबाहेर आल्यानंतर मृत पदार्थ असतो; त्यात रंग भरला जातो तो त्वचेच्या आत, रोमकुपाच्या तळाशी, तो केस वाढत असताना. तेथे रंजकपेशी असतात. टायरोसिन नावाच्या द्रव्यापासून त्या मेलॅनिन तयार करतात, काळसर व तांबूस अशा दोन प्रकारचे, आणि वाढत्या केसाच्या पेशींना ते पुरवतात. केसाची वाढ थांबून तो गळाला, की पुढच्या फेऱ्यात नवा केस उगवतो, आणि त्याच्यासाठी रंजकपेशींची नवी तुकडी लागते. ती येते रोमकुपाच्या वरच्या अंगाला राखून ठेवलेल्या मूळपेशींच्या साठ्यातून. हा साठा आटला, किंवा त्यातल्या पेशी वेळेवर तळाशी उतरल्या नाहीत, की नवा केस रंगाविना उगवतो. त्या रंगहीन केसावरून प्रकाश विखुरला जाऊन तो आपल्याला पांढरा दिसतो, आणि काळ्या-पांढऱ्या केसांच्या मिश्रणाला आपण करडे म्हणतो. एमी निशिमुरा, स्कॉट ग्रँटर व डेव्हिड फिशर यांनी 2005 साली उंदरांच्या व माणसांच्या रोमकुपांचा अभ्यास करून वयाबरोबर हा साठा कसा रिता होतो हे दाखवले. मूळपेशी आपल्या राखीव जागीच अकाली रंग करू लागतात आणि राखीव म्हणून उरत नाहीत. 2023 साली न्यूयॉर्क विद्यापीठात मायुमी इतो यांच्या प्रयोगशाळेने उंदरांतच असे दाखवले की या पेशी एरवी रोमकुपात वरखाली ये-जा करतात, परंतु वार्धक्यात त्यांपैकी पुष्कळ एकाच ठिकाणी अडकून पडतात आणि रंग भरण्याच्या कामी येत नाहीत.

यातून एक गोष्ट निर्विवादपणे निघते. जो केस आज काळा आहे, तो त्वचेबाहेर आलेला केस उद्या मनाच्या धक्क्याने पांढरा होऊ शकत नाही. फ्रान्सच्या राणी मारी आंत्वानेतचे केस वधस्तंभाकडे जाण्यापूर्वी एका रात्रीत पांढरे झाले अशी आख्यायिका युरोपात शतकभर सांगितली गेली आणि आजही सांगितली जाते. केसाच्या रचनेत तिला आधार नाही. तेव्हा धनी गावाला गेला, आठवडाभर कुत्रे शेजाऱ्यांकडे राहिले, परत आल्यावर पाहतो तो हनुवटी पांढरी, असे जे प्रसंग पुराव्यादाखल सांगितले जातात, त्यांत झाले इतकेच, की रोज पाहणाऱ्या डोळ्याला जे हळूहळू होत असलेले दिसत नव्हते ते खंडानंतर एकदम दिसले.

प्रतिपक्षाचा दुसरा साक्षीदार अधिक बलवान आहे, आणि त्याला मी टाळू इच्छित नाही. 2020 साली हार्वर्ड विद्यापीठातील या-चिए शू यांच्या प्रयोगशाळेने ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ताणाने काळ्या उंदरांचे केस पांढरे झाले, हे खरे. संशोधकांना प्रथम वाटले की रोगप्रतिकारक पेशी हा नाश करीत असाव्यात. ते खरे निघाले नाही. मग ताणाच्या वेळी वाढणाऱ्या कॉर्टिसॉलसारख्या द्रव्यावर संशय गेला. त्यांनी अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या, तरीही केस पांढरेच झाले. शेवटी दोषी ठरली ती अनुकंपी मज्जातंतूंची जाळी, जी प्रत्येक रोमकुपापर्यंत पोचलेली असते: तिने सोडलेल्या नॉरॲड्रेनलिनमुळे निद्रिस्त मूळपेशी एकदम जाग्या होऊन भराभर रंजकपेशी बनल्या, जागा सोडून गेल्या, आणि साठा रिकामा झाला. विज्ञानातील शोधप्रक्रियेचा हा एक सुंदर नमुना आहे. परंतु त्या उंदरांवर कोणता ताण घातला होता? रेसिनिफेराटॉक्सिन नावाचे तीव्र वेदना उत्पन्न करणारे द्रव्य टोचले होते. कोंडून ठेवण्याचे व निरनिराळ्या त्रासांचे सतत मारे करण्याचेही प्रयोग होते. दिवाळीत फटाक्यांना घाबरून पलंगाखाली जाणारे कुत्रे, अथवा पाहुणा आला की भुंकून थकणारे कुत्रे, यांची अवस्था त्या उंदरांसारखी होते असे या प्रयोगावरून म्हणता येत नाही. ताणाने केसांचा रंग जाऊ शकतो, हे त्याने सिद्ध केले. ज्याचा रंग गेला त्याला ताणच होता, हे त्याने सिद्ध केलेले नाही, आणि ही दोन विधाने एकच मानणे हा तर्कशास्त्रातला प्राथमिक दोष आहे. उलट दिशेचा पुरावाही आहे: 2021 साली कोलंबिया विद्यापीठातील मार्टिन पिकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 14 निरोगी माणसांचे केस एकेक करून तपासले, तेव्हा काही पांढऱ्या केसांना मुळाकडून पुन्हा रंग आलेला आढळला. ही प्रक्रिया एकमार्गी व सरळ नाही, हे एवढ्यावरूनही दिसते.

आणि ज्याला या संपूर्ण वादातून सोयीने वगळले जाते, त्या वंशाकडे आता वळतो. आयर्लंडच्या केरी परगण्यातील केरी ब्लू टेरियर या जातीची पिले जन्मतः काळी असतात, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षी त्यांचा रंग उतरत जाऊन निळसर करडा होतो. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमाप्रमाणे 18 महिन्यांनंतरही जे कुत्रे संपूर्ण काळे राहिले ते प्रदर्शनात अपात्र ठरते. म्हणजे ज्या वयात आपल्याकडील टीकाकार पांढऱ्या केसांवरून धन्यास दोषी ठरवतात, त्याच वयात या जातीत रंग न उतरणे हाच दोष गणला जातो! रुपेरी पूडलची पिलेही काळी जन्मतात, आणि यॉर्कशायर टेरियर, बियर्डेड कॉली व ओल्ड इंग्लिश शीपडॉग यांचेही रंग वयाबरोबर फिकटत जातात. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स कुक लिट्ल यांनी 1957 च्या आपल्या ग्रंथात या क्रमशः करडे होण्याला एक स्वतंत्र आनुवंशिक स्थान दिले होते. घोड्यांत तर हे अधिक स्पष्ट झाले आहे: जन्मतः गडद आणि काही वर्षांत पांढरा होणारा घोडा आपण सर्वांनी पाहिलेला आहे, आणि 2008 साली स्वीडनमधील उप्सला येथील लेइफ अँडरसन यांच्या गटाने दाखवून दिले की एका विशिष्ट जनुकातील डीएनएचा एक तुकडा दुहेरी झाल्यामुळे हे घडते. लग्नाच्या वरातीतला तो पांढरा घोडा दुःखाने पांढरा झाला, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

आपल्या देशी कुत्र्यांना हे माप लावू गेले, तर ते सपशेल निरुपयोगी ठरते. पांढरा केस उठून दिसतो तो काळ्या किंवा गडद मुखावर. गल्लीबोळांतील बहुसंख्य गावठी कुत्री पिवळसर, बदामी अथवा ठिपकेदार असतात. तामिळनाडूचा राजपालयम तर जन्मभर दुधासारखा शुभ्रच असतो. ज्यांच्या मुखावरचा पांढरेपणा ओळखताच येणार नाही अशा फिक्या रंगाच्या कुत्र्यांना त्या कोलोरॅडोच्या संशोधकांनीही आपल्या अभ्यासाबाहेर ठेवले होते. मग या पिवळ्या कुत्र्यांच्या दुःखाचे काय करावयाचे? भय ओळखण्याचे जे साधन केवळ काळ्या तोंडाच्या कुत्र्यांपुरतेच चालते, त्यावर विसंबण्याची सवय लागली तर उरलेल्यांच्या वेदनेकडे दुर्लक्ष होणार, हे उघड आहे. आणि भय ओळखण्यास रंगाची गरज आहे कोठे? गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती जवळ आल्या, की ज्याचे अंग थरथरते, शेपूट पोटाखाली जाते, कान मागे पडतात, गरम नसतानाही जे धापा टाकते, लाळ गाळते, खाणे सोडते व न्हाणीघराच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते, त्या कुत्र्याचे भय पाहणाऱ्याला त्याच घटकेस दिसते. केसांचा पुढचा फेरा येईपर्यंत थांबावे लागत नाही.

वयाविषयीची गफलत याहून जुनी आहे. आश्रयगृहात आलेल्या कुत्र्याचे मुख पांढरे दिसले, की नोंदवहीत ‘वृद्ध’ असा शेरा पडतो, आणि तो शेरा वाचून घरी नेण्यास आलेले कुटुंब पुढच्या पिंजऱ्याकडे वळते. कुत्र्याच्या वयाला सातने गुणावे, हा हिशेबही असाच सरधोपट. 2020 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील संशोधकांनी 104 लॅब्राडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरील रासायनिक खुणा तपासून असे मांडले की कुत्रे पहिल्या वर्षात अतिशय वेगाने प्रौढ होते, आणि पुढे तो वेग मंदावत जातो. त्यांच्या सूत्राप्रमाणे 1 वर्षाचे लॅब्राडॉर माणसाच्या 31 वर्षांच्या बरोबरीचे येते, तर 12 वर्षांचे साधारण 71 वर्षांच्या. जातीजातीत फरक आहेच: ग्रेट डेनसारखे धिप्पाड कुत्रे सात-आठ वर्षांत आयुष्याच्या उतरणीला लागते, आणि लहान चणीची कुत्री चौदा-पंधरा वर्षे सहज जगतात. वय अजमावण्यास दात पाहावेत, पण तेही सहा-सात महिन्यांत कायमचे दात येऊन पुरे होईपर्यंतच भरवशाचे. त्यानंतर त्यांची झीज खाण्यावर आणि चघळण्याच्या सवयीवर अवलंबून असते. डोळ्यातील भिंग साधारण सहा-आठ वर्षांनंतर निळसर धूसर दिसू लागते, आणि त्यालाही लोक मोतीबिंदू समजून घाबरतात, वस्तुतः त्याने दृष्टीला फारशी बाधा येत नाही. या खुणा एकत्र पाहून अनुभवी पशुवैद्य जो अंदाज करील तो नोंदवहीत लिहावा. केवळ हनुवटी पाहून लिहिलेला शेरा खोडून टाकावा.

शेवटची हरकत अशी घेतली जाईल, की हे मत चुकीचे असले तरी त्यामुळे माणसे आपल्या कुत्र्याकडे अधिक लक्ष देऊ लागतात, मग त्याने बिघडले काय? या हरकतीला मी सर्वांत गंभीरपणे उत्तर देऊ इच्छितो, कारण नुकसान नेमके येथेच होते. अपराधी वाटू लागलेला धनी उपाय शोधू लागतो, आणि मग त्याच्या हाती केस काळे करणारी चूर्णे व तांबेयुक्त गोळ्या पडतात. रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकरात तांबे असते, आणि तांब्याच्या खऱ्या अभावात जनावरांच्या केसांचा रंग जातो, हे खरे. परंतु नेहमीचा संतुलित आहार घेणाऱ्या कुत्र्यास तो अभाव नसतो, आणि यकृतात तांबे साठण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या कुत्र्यास, बेडलिंग्टन टेरियरमध्ये ती कुप्रसिद्ध आहे आणि लॅब्राडॉरमध्येही आढळते, ज्यादा तांबे विषासमान ठरते. टायरोसिन कमी पडले तर काळा केस तांबूस होतो, मुख पांढरे होत नाही. आणि उन्हाने तांबूस झालेला काळा केस पाहून आहार बदलणारेही आहेत.

याहून गंभीर गोष्ट अशी, की तरुण कुत्र्याचे मुख झपाट्याने पांढरे होण्याची काही कारणे खरोखरच वैद्यकीय असतात, आणि ‘याला मानसिक त्रास आहे’ असे एकदा ठरवून टाकले की त्यांच्याकडे पाहिलेच जात नाही. कोडात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा रंजकपेशींवर उलटते. रॉटवायलर व बेल्जियन टर्व्युरेन या जातींत नाक, ओठ आणि मुखावरील रंग तारुण्यातच जातो, कुत्र्याला त्याचा त्रास होत नाही आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. पण अकिता, सायबेरियन हस्की आणि सॅमॉयेड या जातींत दिसणारा एक विकार असा आहे, की त्यात हीच यंत्रणा त्वचेबरोबर डोळ्यातील रंगयुक्त पटलांवरही हल्ला चढवते. पापण्यांभोवतीचे व नाकावरचे केस आणि त्वचा पांढरी पडते, डोळे लाल होतात, उजेड सहन होत नाही, कुत्रे डोळे मिटून घेते. पुष्कळदा डोळ्यांची लक्षणेच आधी येतात. तातडीने, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सुरू झाली नाहीत तर अंधत्व येते. अशा कुत्र्याला घरातील वातावरण शांत ठेवण्याचा सल्ला देऊन घरी पाठवणाऱ्याने, त्याचा हेतू कितीही निर्मळ असो, त्याच्या डोळ्यांवर उपचार होऊ शकले असते ते दिवस वाया घालवलेले असतात.